कापड रंगले, विहिरी खारल्या
तिरुपूरचा धडा आणि आपली यंत्रमागाची गावे

कापडाच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीचा भाव ठरलेला असतो. सुताचा भाव सकाळी फोनवर कळतो. विणकराची मजुरी पिकावर ठरते. सायझिंगचा दर वेगळा, डाईंगचा दर वेगळा. दलाली, हमाली, ट्रकचे भाडे, उधारीचे व्याज, सगळे वहीत येते. येत नाही ते फक्त पाणी. ते बोअरमधून वर येते आणि गटारातून बाहेर जाते. वहीत त्याची नोंद म्हणजे मोटरचे वीजबिल, एवढीच.

पण वहीत न लिहिलेले देणे बुडत नसते. ते साचत राहते आणि एक दिवस सगळे मिळून वसूल होते. हे ज्यांना खरे वाटत नसेल त्यांनी तामिळनाडूतील तिरुपूरकडे पाहावे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या गावांतील कारखानदार आणि व्यापारी बांधवांनी तर हा किस्सा नीट समजून घ्यायला हवा, कारण तिरुपूरचा धंदा आपल्याच जातकुळीचा आहे.

तिरुपूरमध्ये काय घडले?

तिरुपूर हे होजियरीचे गाव. बनियन आणि टी-शर्ट विणणारे, रंगवणारे, शिवणारे हजारो छोटे-मोठे कारखाने तिथे आहेत. अमेरिका आणि युरोपच्या बाजारात तिथला माल जातो. गावातून नोय्यल नदी वाहते आणि पुढे कावेरीला मिळते. डाईंग आणि ब्लीचिंगचे कारखाने याच नदीच्या काठाने वाढले. त्यांची संख्या सातशेच्या वर गेली आणि रोज आठ-नऊ कोटी लिटर सांडपाणी नदीत, ओढ्यांत आणि जमिनीत जाऊ लागले.

नदीच्या खालच्या अंगाला ओरतुपाळयम येथे १९९२ मध्ये एक धरण बांधले गेले. हेतू असा की, शेतीला पाणी मिळावे. पण त्या धरणात साठले ते रंगखान्यांचे खारे पाणी. ज्यांच्यासाठी धरण बांधले तेच शेतकरी म्हणू लागले की हे पाणी आम्हाला नको, ते साठवूही नका. पाणी झिरपून आजूबाजूच्या विहिरी खारट झाल्या, जमिनी नापीक झाल्या.

शेतकरी कोर्टात गेले. १९९० च्या दशकात न्यायालयाने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प उभे करण्यास सांगितले. कारखानदारांनी पैसे घालून सामायिक प्रकल्प उभेही केले. परंतु पाण्यातले मीठ गेले नाही. ते का गेले नाही, हे पुढे पाहू. डिसेंबर २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये, आणि तोपर्यंत जे बाहेर जाईल त्याचा दंड भरा. हा दंड लिटरला ६ पैशांपासून सुरू झाला आणि पुढे १० पैशांपर्यंत चढत जाणारा होता. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथेही निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. पूर्तता करण्यासाठी तीन महिने मिळाले. तरीही पूर्तता झाली नाही.

अखेर २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सगळे डाईंग आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. विजेच्या जोडण्या तोडण्यात आल्या. ज्याने नियम पाळला आणि ज्याने मोडला, दोघांच्याही दाराला एकच कुलूप लागले. विणकाम चालू, शिलाई चालू, पण मधली कडी तुटली. कापड रंगवायला दुसऱ्या गावी पाठवावे लागले. मालाला उशीर झाला, ऑर्डरी हातच्या गेल्या, परगावचे मजूर घरी परतले. पुढे सरकारने प्रकल्प सुधारण्यासाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले आणि पाणी फिरवून वापरणारे प्रकल्प उभे राहतील तसतसे कारखाने हळूहळू उघडले.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती धंदेवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तिरुपूरचे आपले भूजल खराब झाल्यावर कारखाने थांबले नाहीत. आसपासच्या खेड्यांतील विहिरींतून टँकर येऊ लागले. शेतकऱ्याने पीक घेण्याऐवजी पाणी विकणे सुरू केले. तेही पुरेना, तेव्हा भवानी नदीतून पन्नासहून अधिक किलोमीटर अंतरावरून नळाने पाणी आणण्याची मोठी योजना झाली. तिचे पाणी २००६ च्या सुमारास गावात पोहोचले. म्हणजे पायाखालचे फुकटचे पाणी खराब करून पन्नास किलोमीटरवरचे पाणी लिटरच्या भावाने विकत घ्यावे लागले. हा सौदा कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

मीठ जाते कुठे?

सुती कापड रंगवताना आजकाल बहुतेक ठिकाणी रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग धाग्याला धरावा म्हणून पाण्यात मीठ घालावे लागते. साधे मीठ किंवा ग्लोबर सॉल्ट, लिटरला साधारण ४० ते ८० ग्रॅम. गडद रंगाला त्याहून जास्त. आता साधा हिशेब करा. एक किलो कापडाला दहा लिटर पाणी आणि लिटरला ६० ग्रॅम मीठ धरले तर किलोमागे ६०० ग्रॅम मीठ झाले. दिवसाला एक टन कापड रंगवणारा कारखाना रोज सहा क्विंटल मीठ वापरतो.

या मिठातले कापडावर काय राहते? काहीच नाही. रंग निदान सत्तर-ऐंशी टक्के तरी धाग्याला चिकटतो. मीठ मात्र सगळेच्या सगळे धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एका कारखान्याचे दीडशे क्विंटल मीठ गावाच्या जमिनीत किंवा नदीत जाते. असे पन्नास कारखाने असले तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

रंग डोळ्यांना दिसतो म्हणून लोक रंगाला घाबरतात. पण रंग काढणे त्यामानाने सोपे आहे. चुना, फिटकरी, जिवाणूंची टाकी यांनी रंग आणि घाण बरीच कमी होते. मीठ या कशानेही जात नाही. ते पाण्यात विरघळलेले असते आणि विरघळलेलेच राहते. तिरुपूरचे पहिले प्रकल्प इथेच फसले. पाणी स्वच्छ दिसत होते, पण होते खारेच. मीठ काढायचे तर पाणी पडद्यातून दाबाने गाळावे लागते आणि उरलेले दाट खारे पाणी आटवावे लागते. ते आटवायला इंधन लागते आणि इंधनाला पैसा लागतो. आज तिरुपूरमध्ये हेच करतात. गाळलेले गोडे पाणी पुन्हा रंगाईला वापरतात आणि खारे पाणीही शक्य तेवढे रंगाच्या टाकीत फिरवतात. तरीही शेवटी उरणारे मिश्र मीठ ठेवायचे कुठे, हा सवाल राहतोच.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक असे सांगते की विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. रंगाच्या टाकीत हाच आकडा पन्नास-साठ हजारांत असतो. एक बादली तसले पाणी शंभर बादल्या चांगल्या पाण्याला ५०० च्या हद्दीबाहेर नेऊ शकते.

सायझिंग आणि ग्रे कापडाचा मामला वेगळा आहे. ताण्याला लावलेली खळ प्रोसेस हाउसमध्ये धुवून काढतात. ही खळ म्हणजे पिष्ठ, ते पाण्यात कुजते. कापडाच्या प्रक्रियेत जी कुजणारी घाण निघते तिच्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या खळीचा असतो. म्हणजे सायझिंगवाल्याने खळ जरुरीपुरतीच लावली तर पुढच्या माणसाचा शुद्धीकरणाचा खर्च आपोआप घटतो. धंद्याच्या कड्या अशा एकमेकींत अडकलेल्या आहेत.

चामड्याचा आणि रंगाच्या कारखान्याचा अनुभव

हा प्रश्न केवळ कापडाचा नाही. तामिळनाडूतच पालार नदीच्या काठी वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट या भागात चामडे कमावण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यात आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, मालकही आणि मजूरही. वेल्लोरच्या नागरिकांच्या एका मंचाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्या निकालात नोंद आहे की टॅनरीच्या पट्ट्यात सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन पूर्ण किंवा अंशतः निकामी झाली, आणि दिंडिगल भागातील १३ खेड्यांच्या पाहणीत ४६७ पैकी ३५० विहिरी दूषित आढळल्या. हा धंदा देशाला परकीय चलन देतो, हजारोंना रोजी देतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण लोकांचे पाणी आणि जमीन नासवण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही, असेही स्पष्ट केले. प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड झाला. ‘जो घाण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग आहे, हे याच निकालात ठासून सांगितले गेले. ते प्रकरण तिथेही संपले नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालारच्या प्रश्नावर पुन्हा सविस्तर निकाल दिला आणि नुकसानभरपाई व नदीच्या सुधारणेसाठी समितीचा आदेश काढला. एक पिढी गेली, तरी देणे बाकीच आहे.

दुसरा दाखला राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडी गावाचा. तिथे १९८८ मध्ये एच-ॲसिड बनवणे सुरू झाले. आपण जे रंग वापरतो त्यांतील अनेक रंगांना लागणारा हा कच्चा माल. उत्पादन थोडाच काळ चालले. सुमारे ३७५ टन माल निघाला. पण त्यामागे २,४४० टन गाळ राहिला. एक किलो मालामागे साडेसहा किलो गाळ. तो उघड्यावर पडला, पावसाने झिरपला आणि सुमारे ३५० हेक्टर भागातील साठेक विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ फेब्रुवारी १९९६ रोजी आला. पुढे सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला, आणि मालकांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली म्हणून २०११ मध्ये न्यायालयाने त्यावर व्याजही लावले. चार दिवसांच्या नफ्यासाठी केवढे हे कर्ज!

आपला खडक आणि आपल्या विहिरी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात वाळूसारखे सर्वत्र पाणी नसते. वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या फटींत ते साठते. साठा थोडा आणि तो दरवर्षीच्या पावसावर अवलंबून. अशा खडकात घाण शिरली की गाळून निघत नाही, फटीतून सरळ पुढे जाते. एका मोहल्ल्यातील शोषखड्डा दुसऱ्या मोहल्ल्यातील विहीर नासवतो तो असा. आणि एकदा खारी झालेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होत नाही. तिरुपूरचा खडकही कठीणच आहे, म्हणून तिथला अनुभव आपल्याला लागू पडतो.

आपल्याकडे परिणाम दिसू लागले नाहीत असे नाही. भिवंडीची कामवारी नदी कोणत्या अवस्थेत आहे, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे शहर पिण्याच्या पाण्यासाठी मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पाण्यावर जगते. इचलकरंजीच्या उशाशी पंचगंगा आहे, पण २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर गावाने वारणेचे पाणी मागितले तर वारणाकाठच्या खेड्यांनी विरोध केला. दूधगंगेचे मागितले तर तिकडच्या लोकांनी विरोध केला. आपली नदी नासली की दुसऱ्याच्या दारी जावे लागते आणि दुसरा सहजासहजी देत नाही. त्याची बाजूही चुकीची नसते.

साथीचा दोष केवळ कारखान्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. नळ दोन-चार दिवसांआड येतो. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो. तो गटारातून गेलेला असतो आणि कुठेतरी फुटलेला असतो. त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तशी फुटक्या जागेतून गटारही ओढते. घरोघरी मोटर लावणारा मोहल्ला स्वतःच्या पैशाने स्वतःच्या मुलांना कावीळ आणतो. गर्भवती स्त्रियांना तर दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक प्रकार विशेष घातक असतो.

कायदा काय म्हणतो?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार विषारी किंवा घाण पाणी नदी-नाल्यात तर नाहीच, विहिरीतही सोडता येत नाही. कलम २५ नुसार कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कलम ३३-अ नुसार मंडळ कारखाना बंद करू शकते, वीज-पाणी तोडू शकते. काही ठिकाणी आटलेल्या बोअरमध्ये सांडपाणी सोडण्याचा प्रकार चालतो. हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ती घाण मुरमाचा थर ओलांडून थेट पिण्याच्या पाण्याच्या फटीत पोहोचते. गटारात सोडलेले पाणी निदान दिसते; बोअरमध्ये सोडलेले शेजाऱ्याच्या पेल्यात उतरल्यावरच कळते.

भूजलासाठी महाराष्ट्राने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली होती. त्याची जागा २००९ च्या कायद्याने घेतली. तो २०१४ पासून अमलात आला. शेती किंवा कारखान्यासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यास त्यात बंदी आहे. प्रत्यक्षात किती बोअर याहून खोल जातात, ते बोअरची गाडी बोलावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

परवडत नाही, हे कितपत खरे?

छोटा कारखानदार म्हणतो, मला हे परवडत नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्याला गाळणी आणि आटवणीचा प्रकल्प झेपत नाही. म्हणूनच सामायिक प्रकल्प हवा. पण हिशेब पुरा मांडू या. समजा पाणी फिरवून वापरण्याचा खर्च लिटरला २० पैसे आला आणि किलो कापडाला ६० लिटर पाणी लागले. किलोला १२ रुपये झाले. एका किलोत पाच-सहा टी-शर्ट निघतात. म्हणजे नगाला दोन-अडीच रुपये. हे दोन रुपये गिऱ्हाईक देणार नाही असे नाही. दोन रुपये कमी घेणारा शेजारचा कारखाना असतो म्हणून तो देत नाही. जोपर्यंत एक जण पाणी शुद्ध करतो आणि दुसरा गटारात सोडतो, तोपर्यंत इमानदार माणूसच बुडणार. म्हणून संघटनेने सर्वांसाठी एकच नियम करणे, हा यावर इलाज आहे. ग्रे कापड देऊन जॉबवर रंगवून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही दर पाडताना पाहावे की समोरचा एवढ्या स्वस्तात कसा देतो. मालाला रंग पक्का मागतो, तसा सांडपाण्याचा बंदोबस्तही मागावा.

ताबडतोब करण्यासारखे

मोठ्या प्रकल्पाची वाट न पाहता काही कामे आजही करता येतात.

कारखान्याच्या बोअरला मीटर बसवा. किलोमागे किती लिटर लागते हे कळले की निम्मी उधळपट्टी आपोआप दिसते. शेवटच्या धुण्याचे पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरता येते. कमी पाण्यात रंगवणारी यंत्रे आली आहेत. पाणी कमी झाले की मीठही त्याच प्रमाणात कमी होते. कमी मिठात बसणारे रंगही बाजारात मिळतात. रंगाच्या टाकीचे दाट खारे पाणी आणि धुण्याचे पातळ पाणी वेगळ्या नळांनी न्या. दोन्ही मिसळली की दोन्हीचा इलाज महाग होतो.

टॅनरीवाल्यांनी कातडे भिजवण्याआधी त्यावरचे मीठ झटकून कोरडे गोळा करावे. ॲसिड, सायनाइड किंवा मुलाम्याचे काम करणाऱ्या कारागिरांनी पाणी मोरीत ओतू नये. गॅरेजवाल्यांनी जुने ऑइल जमिनीवर सांडू नये. ते विकले जाते.

मोहल्ल्यातील जुने आड आणि बारव कचऱ्याने भरू नयेत. आटलेल्या बोअरचे तोंड पक्के बंद करावे. शौचालयाची टाकी पिण्याच्या विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर असावी, खडक फटींचा असेल तर त्याहून दूर. मशीद, मदरसा, शाळा, गोदाम यांच्या मोठ्या छपरांचे पावसाचे पाणी स्वच्छ गाळणीतून जमिनीत मुरवता येते. मात्र गाळणीशिवाय आणि अंगणातले मळके पाणी कधीही बोअरमध्ये सोडू नये. नळाला थेट मोटर लावण्याऐवजी जमिनीखाली टाकी करून त्यातून पाणी वर चढवावे.

सर्वांत सोपे काम सर्वांत आधी करावे. क्षार मोजण्याचे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. दर महिन्याला मोहल्ल्यातील चार विहिरी किंवा बोअर यांचे पाणी मोजून आकडा तारखेसह लिहून ठेवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पुरी तपासणी करून घ्या. आकडा चढू लागला तर दोन वर्षे आधीच कळेल आणि कोणत्या बाजूने चढतो तेही कळेल. तिरुपूरमध्ये असा आकडा सुरुवातीलाच कारखानदारांच्या बैठकीत ठेवला गेला असता तर कदाचित तो कोर्टात ठेवण्याची वेळ आली नसती. आपल्या गावात अजून ती वेळ आहे. प्रत्येक बाजारपेठेच्या संघटनेने आपल्या पुढच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा, आणि वही उघडून त्यात पाण्याचे एक स्वतंत्र खाते सुरू करावे.